पेशीबाईचा चातुर्मास

जी जगदंबा कणाला कण जोडून हे चराचर उभे धरते आणि वेळ येताच आपल्याच हाताने ते सुटेही करते, तिच्या चरणी मस्तक ठेवून हे लेखन आरंभितो. आज आश्विन शुद्ध प्रतिपदा. सकाळी देवघरात घट बसले, अखंड दीप लागला. पेशीबाईच्या विद्यार्थ्यांनी तिच्या स्मरणार्थ एक छोटी पुस्तिका काढावयाचे योजिले आहे, आणि जन्मभर संस्कृत शिकविण्यापलीकडे ज्याने काही केले नाही अशा या वृद्धानेही तीत लिहावे, असा त्यांचा प्रेमळ आग्रह आहे. मागे राहिलेल्या थोरल्याने पुढे गेलेल्या धाकट्याविषयी लिहावे, हा क्रम उलटा आहे. पण क्रम लावणारे आपण नव्हे.

तिला प्रथम पाहिले ते नारायण पेठेतल्या आमच्या बिऱ्हाडाच्या दारात. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या तिने नुकत्याच भाड्याने घेतल्या होत्या आणि नळाला पाणी केव्हा येते, हे विचारावयास ती खाली आली होती. मी पूजा आटोपून उठत होतो. देवाच्या गळ्यातल्या शेवंतीच्या हाराकडे तिची दृष्टी गेली आणि पाण्याचे विचारणे बाजूलाच राहिले.

"गुरुजी, हे कशानं धरलंय?"

"दोऱ्याने," मी म्हणालो.

"दोरा तर कुठं दिसत नाही."

"दिसला तर हार वाईट ओवला, असे म्हणतात."

ती मनापासून हसली. पुढे कळले की जगातल्या प्रत्येक वस्तूविषयी तिला हा एकच प्रश्न पडतो. भिंतीचा सुटत आलेला पोपडा असो, माझ्या सदऱ्याचे बटण असो, गच्चीच्या भेगेत रुजलेले पिंपळाचे रोप असो, ती दोन बोटांनी ते हलकेच ओढून पाही आणि कोण कोणाला किती घट्ट धरून आहे याचा अंदाज घेई. आमच्या सौभाग्यवती म्हणत, "हिला घरात एकटं ठेवून जाऊ नका हो. परत येऊन बघाल, तर चौकटी काढून ओळीनं लावलेल्या असतील."

ती मूळची हडपसरची. तेव्हा तिथले मळे पुरते बुजले नव्हते, जरी मळ्यांच्या कडेने काचेच्या उंच इमारती उभ्या राहू लागल्या होत्या. तिची आई घरच्या रानातली भाजी घेऊन रोज पहाटेच्या टेंपोने मंडईत येई. वडील ती महाविद्यालयात असतानाच गेले, जठराच्या कर्करोगाने. शस्त्रक्रिया करून गाठ समूळ काढली होती. घरी पेढेही वाटले गेले होते. वर्ष उलटण्याच्या आत तोच रोग यकृतात उगवला. हे सांगताना तिचे वाक्य नेहमी तेच असे. "दादांना गाठीनं नाही नेलं, गुरुजी. गाठ तर काढली होती. गाठीतनं जे आधीच निघून गेलं होतं, त्यानं नेलं." जे निघून जाते ते कसे जाते, कोणाच्या साहाय्याने जाते, एवढे एकच कोडे उकलावयास तिने आपले आयुष्य वाहिले. नगररस्त्याकडच्या एका संशोधनसंस्थेत ती त्यासाठी काम करीत असे.

पेशीबाई हे नाव आमच्या घरचे. प्रयोगशाळेत काचेच्या बशांतून ती जठराच्या कर्करोगाच्या पेशी वाढवी. त्या पेशींना ठरल्या वेळी ताजा पोषक रस द्यावा लागतो, नाहीतर त्या मरतात. म्हणून दसरा असो वा संक्रांत, ही बाई सकाळीच स्कूटरला पाय मारून निघे. एकदा पाडव्याला तिची आई लेकीला घरी न्यायला आली, तर लेक नेहमीप्रमाणे निघालेली. जिन्यातच माउली कडाडली, "का गं, त्या तुझ्या पेशी काय जावई लागून गेल्यात व्हय? सणाच्या दिवशी बी ह्यांना जेवाय घालायला तूच?" सौ. दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "वैनी, आत या, चहा घ्या. जावयांचा मान आधी." त्या दिवसापासून ती पेशीबाई झाली. रात्रीच्या जेवणाला खाली बोलावताना सौ. विचारत, "काय पेशीबाई, लेकी जेवल्या का? मग आता तुम्ही बसा पानावर."

तिने लग्न केले नाही. आम्हां उभयतांस मूलबाळ नव्हते. याविषयी कोणी कधी काही बोलले नाही. गुरुवारी आमच्या घरी एक पान अधिक मांडले जाऊ लागले, एवढेच.

गुरुवार हा तिचा माझ्याकडे शब्द मागण्याचा वार. आपले काम आपल्या आईला समजेल अशा भाषेत सांगता यावे, अशी तिची फार इच्छा होती, आणि तिच्या शास्त्राचे सगळे बोलणे इंग्रजीत. मी मोठ्या उत्साहाने धातू, उपसर्ग, प्रत्यय जुळवून शब्द घडवून ठेवी. ती ते शांतपणे ऐके, एकदा उच्चारून पाही आणि म्हणे, "शब्द सुंदर आहे, गुरुजी. पण हा आईच्या दारात आला, तर आई त्याला पाणी देईल, बसायला घोंगडं देईल, आत मात्र घेणार नाही." मी एकदा म्हणालो, "मग तिच्या घरातलेच काही घेऊन ये." पुढच्या गुरुवारी ती खरोखरच मंडईतून आईच्या हातची मेथीची जुडी घेऊन आली.

जुडी तिने वर्तमानपत्रावर उभी धरली. "हे जठराच्या आतलं अस्तर. ह्या काड्या म्हणजे पेशी, एकमेकींना बिलगून उभ्या. आणि ही दोरी म्हणजे एक प्रथिन. ही दोरी बाहेरून कोणी बांधत नाही. प्रत्येक पेशी आपली दोरी आपणच तयार करते आणि शेजारणीच्या दोरीत अडकवते. रोग झाला की पेशी ही दोरी करायचं सोडते." तिने दोरी सोडली, काड्या पसरल्या. "पण नुसती सुटली म्हणून ती लांब जात नाही. खाली हा कागद आहे, अस्तराखालचा पडदा. तो कापायला ती दुसरी प्रथिनं बनवते, कातरीसारखी. पलीकडे गेल्यावर पाय रोवायला आणखी वेगळी. रक्ताची वाट सापडली की मग यकृत, नाहीतर पोटाचा आतला पडदा. पुढं कुठल्या गावी मुक्काम करायचा, त्यातही प्रथिनांचाच हात असतो."

मी विचारले, "म्हणजे जे धरून ठेवते आणि जे तोडून नेते, ते दोन्ही घडविणारी एकच?"

"एकच, गुरुजी. काय घडवायचं, ते बदललं."

स्वयंपाकघरातून सौ. म्हणाल्या, "सुटलीच आहे तर आता ती मेथी निवडायला घे."

त्या पेशींना तिने कधी दूषण दिल्याचे मला आठवत नाही. एकदा मी त्यांना राक्षसी म्हणालो, तर म्हणाली, "वैऱ्याला शिव्या द्यायला लागलं की तो नीट दिसेनासा होतो." हे वाक्य मी पुढे माझ्या विद्यार्थ्यांना फार वेळा सांगितले.

पुढे एका वर्षी चैत्रात सौभाग्यवतींचे अन्न तुटले. दोन घासांत पोट भरल्यासारखे होई, मग उलटी. पेशीबाईनेच हट्टाने तपासणीस नेले. रोग तोच निघाला, ज्याच्या मागावर ती वर्षानुवर्षे होती. शस्त्रक्रिया झाली, जठराचा बराच भाग काढावा लागला. गाठीबाहेर काही निसटले असेल तर ते मरावे म्हणून पुढे काही महिने शिरेतून औषध द्यायचे ठरले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "शास्त्रीजी, औषध कडक आहे. यांचं वजन टिकवा. वजन उतरलं, तर मला औषध थांबवावं लागेल, आणि थांबवलं तर पुढचं माझ्या हातात नाही." थोडे थोडे, पण पुन्हा पुन्हा खाणे हेच आता त्यांचे अनुष्ठान होते.

आषाढाच्या आरंभी पेठेतल्या एका मंडळाने पेशीबाईचे व्याख्यान ठेवले. सौ. शाल पांघरून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पेशीबाई फार सुंदर बोलली. मेथीची जुडी आणली होतीच. शेवटी म्हणाली, "पेशीला पसरायला जे जे लागतं, वाट कापायला, पाय रोवायला, नव्या जागी तग धरायला, ते बहुतेक सगळं ती प्रथिनांतून बनवते. प्रथिनं नसतील, तर तिचं पाऊलसुद्धा हलणार नाही." टाळ्या पडल्या. मागून एक वृद्ध गृहस्थ उठले. "बाई, सगळं समजलं. आम्ही करायचं काय, तेवढं सांगा."

"ते अजून शोधतोय आम्ही."

"मग शोधून झाल्यावर बोलवायचं होतं."

सभागृह हसले, तीही हसली. परंतु त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या रांगेतल्या एका श्रोत्रीने मनोमन शोधून ठेवले होते, हे आम्हां कोणाला कळले नाही.

चातुर्मास्यात काही ना काही वर्ज्य करण्याची आपली जुनी रीत आहे. श्रावणात भाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात डाळ, असा तिचा शास्त्रोक्त क्रम. आषाढी एकादशीला सौ. नी देवापुढे बसून हातावर पाणी घेतले आणि दही, दूध व डाळ ही तिन्ही एकदम, चारही महिन्यांसाठी सोडली.

मी म्हणालो, "अगं, डॉक्टरांनी खायला सांगितलंय."

"खातेय की. भात खाते, साबुदाणा खाते, फळं खाते."

"पण एवढे सगळे एकाच वेळी?"

"देवाशी बोलणं झालंय माझं. तुम्ही मध्ये पडू नका."

नेमाचा हेतू विचारू नये, सांगू नये, ही आमच्या घराची रीत. पेशीबाई त्या सुमारास कामासाठी परगावी गेली होती. तिला यातले काही ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

श्रावण संपता संपता सौ. च्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. जिना चढताना त्या मध्येच बसत. औषधाच्या पुढच्या खेपेला आम्ही गेलो, तेव्हा डॉक्टरांनी वजन पाहिले, रक्ताचा अहवाल पाहिला आणि मान हलविली. "आज देता येणार नाही. थोडे दिवस वाट बघू. असंच राहिलं, तर बंद करावं लागेल." मला वाटले, रोगच पुन्हा आतून पोखरतो आहे. रिक्षातून परत येताना सौ. माझा हात धरून बसल्या होत्या आणि त्यांच्या मुखावर एक चमत्कारिक समाधान होते. ते मला तेव्हा उमगले नाही.

पेशीबाई परतली ती भाद्रपदातल्या एका गुरुवारी. हडपसरला घरची गाय व्याली होती. आईने खरवस करून दिला होता. खरवस म्हणजे सौ. चा जीव की प्राण. डबा उघडताच वेलदोड्याचा वास घरभर झाला. पेशीबाईने वडी काढून बशीत ठेवली आणि सौ. कडे पाहिले मात्र, तिचा हात तिथेच थांबला.

"काकू, काय झालंय हे? खाताय ना नीट?"

"खाते. पण हे नको. नेम आहे माझा."

"कसला नेम?"

"दूध, दही, डाळ. कार्तिकीपर्यंत."

"काकू, वेड लागलंय का? असल्या दुखण्यात कोणी..."

सौ. नी तिला जवळ बसविले आणि लहान मुलाला गुपित सांगावे तशा हळू स्वरात म्हणाल्या, "अगं, तूच नाही का सांगितलंस? त्या पेशी प्रथिनांशिवाय पाऊल हलवू शकत नाहीत म्हणून. मी त्यांची रसदच तोडली. आता बघू कशा जातात कुठं."

पेशीबाई भिंतीला टेकून खाली बसली. "माझ्याच तोंडातनं गेलं हे," एवढेच ती पुटपुटली. मग तिने सौ. चा हात ओढून घेतला, आणि बोलू लागली ती मला अनोळखी अशा भाषेत, मंडईतल्या तिच्या आईच्या भाषेत. "काकू, मी रोज त्यांना खायला घालती. त्या कशा हायत ते मला इचारा. ताटातनं न्हाई मिळालं म्हणून त्या थांबत न्हाईत. त्या तुमच्या दंडातनं घेत्यात, मांडीतनं घेत्यात. ह्या बांगड्या बघा कुठवर चढल्यात. हे मांस त्यांनी नेलंय. आन् जखम भरायला, रक्त करायला, ते औषध सोसायला तुम्हांला बी प्रथिनंच लागत्यात. तुम्ही रसद तोडली, ती आपल्याच गडाची!"

सौ. तिच्याकडे पाहत राहिल्या. "खरं सांगतेस?"

"तुमच्या गळ्याची आण."

"पण देवापुढं पाणी सोडलंय मी."

दोघींनीही एकदम माझ्याकडे पाहिले. आयुष्यभर ग्रंथ वाचले त्याचे सार्थक व्हावे असे क्षण फार थोडे येतात. मी सांगितले की आजारी माणसाला शास्त्राने कोणत्याच नेमात बांधलेले नाही. आणि तरीही मनाला रुखरुख वाटत असेल, तर आप्ताने तो नेम पुढे चालविला तरी तो अखंडच मानावा, अशी मुभा आहे. "उरलेले दिवस मी चालवीन," मी म्हणालो.

"तुम्ही?" सौ. म्हणाल्या. "ताकाशिवाय भात उतरत नाही तुम्हांला. चार दिवसांत तोंड एवढंसं करून बसाल आणि मलाच बघवणार नाही."

"मी चालवते," पेशीबाई म्हणाली.

"तू? तुझा तर देवावर विश्वास नाही."

"देवावर नसेल. तुम्ही दिलेल्या शब्दावर आहे. तो का मोडायचा?"

मी तिला देवापुढे बसविले, तळहातावर पळीभर पाणी घातले आणि संकल्प सांगितला. तिने तो शब्दाशब्दाने, एकही अक्षर न चुकता उच्चारला आणि ताम्हनात पाणी सोडले. मग उठून खरवसाची वडी स्वतःच्या हाताने सौ. च्या मुखात घातली. सौ. डोळे मिटून किती तरी वेळ ती वडी जिभेवर घोळवीत होत्या.

तो चातुर्मास तिने पाळला तसा मी भल्याभल्यांनी पाळलेला पाहिला नाही. दिवसाला कितीदा दूधसाखरेचा चहा लागणारी ही बाई कोरा चहा पिऊ लागली. प्रयोगशाळेतले सहकारी तिला 'साध्वी' म्हणून चिडवीत. भाकरी, ठेचा आणि पालेभाजी, एवढ्यावर ती राहिली. रोज सायंकाळी ती सौ. समोर बसे. सौ. च्या वाटीत वरण, दही, कधी मुगाचे कढण. तिच्या पानात भाकरी. सौ. चा हात थांबला, की ती नुसती भुवई उंचावी. तिची आई एकदा आली, लेकीच्या पानाकडे पाहिले, सौ. च्या वाटीकडे पाहिले, आणि रागावण्यासाठी उघडलेले तोंड मिटून म्हणाली, "तुमी खावा, बाई. ती ऱ्हाईल. हाडाची घट हाय ती."

वजन हळूहळू चढले. थांबलेले औषध पुन्हा सुरू झाले आणि मार्गशीर्षात पूर्ण झाले. कार्तिकीच्या दुसऱ्या दिवशी सौ. नी दहीभात कालवून पेशीबाईला पहिला घास भरविला, तेव्हा दोघीही रडत होत्या आणि एकमेकींना "पुरे आता" असे म्हणत होत्या.

परंतु त्या प्रसंगानंतर तिने व्याख्यान देणे सोडले. कोणी बोलवायला आले, की "मला जमत नाही," एवढे सांगून परत पाठवी. सौ. नी ते काही दिवस पाहिले आणि एका गुरुवारी तिला धारेवर धरले. "मी अर्धवट ऐकलं, ती माझी चूक. आता तू तोंड मिटून बसलीस, तर ती तुझी. माझ्यासारख्या किती जणी घरात बसून काय काय सोडत असतील, तुला काय ठाऊक?" ती पुन्हा उभी राहिली, त्याच सभागृहात. पहिले वाक्य म्हणाली ते, "ताट सोडू नका." त्यानंतर ती हडपसरला बोलली, वाघोलीला बोलली, देवळांच्या ओसरीवर, महिला मंडळांत बोलली. बोलणे संपले की खाली न बसता ती श्रोत्यांतल्या एखाद्या बाईपुढे जाई आणि म्हणे, "आता तुम्ही काय ऐकलंत, ते मला सांगा." जे उलटे पोचले असेल ते तिथेच सुलटे करून मगच ती निघे. तिचे विद्यार्थी आजही असेच करतात, असे ऐकतो. धन्य तो गुरू, ज्याची रीत त्याच्या पश्चात चालते.

देवाने आम्हांला काही वर्षे दिली. त्या वर्षांतले गुरुवार मला आज एकेक करून हवेसे वाटतात. काही घडत नसे त्यांत. सौ. काहीतरी टोमणा मारीत, ती हसे, मी एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती सांगू लागलो की दोघी एकमेकींकडे पाहत. अशा काही न घडणाऱ्या सायंकाळी पुन्हा मिळाव्यात म्हणून मनुष्य काय देणार नाही!

मग तो रोग यकृतात आढळला. तपासणीचे कागद मी आणि डॉक्टर पाहत होतो; घरी कसे सांगावे, याचा विचार करीत होतो. सौ. नी आम्हांला काही विचारले नाही. गुरुवारी पेशीबाई आली, तेव्हा तिलाच विचारले, "पेशीबाई, कुठवर आल्या गं?"

तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. सौ. चा हात हाती घेऊन तो त्यांच्याच उजव्या बरगडीखाली ठेवला. "इथवर."

"थांबतील?"

"नाही, काकू. औषधानं सावकाश चालतील, एवढं करता येईल."

"बरं झालं सांगितलंस. मग यंदा लिंबाचं लोणचं तू शिकून घे. यांना दुसऱ्या कोणाचं चालत नाही."

आणि खरोखरच त्या दोघींनी लोणचे घातले. "मीठ किती, काकू?" "अंदाजानं." "अंदाज म्हणजे किती ग्रॅम?" "अंदाज म्हणजे अंदाज. तुझ्या प्रयोगशाळेत नसतो तो." मी पलीकडच्या खोलीत पोथी उघडून बसलो होतो. पान उलटत नव्हते.

माघात सौ. गेल्या. त्या दिवशी पेशीबाई माझ्याशेजारी बसून होती. म्हणाली, "गुरुजी, इतकी वर्षं त्यांचा रस्ता शोधला मी. रस्ता कळला. अडवता नाही आलं." मी कोणाला सांत्वनाचे श्लोक सांगणार? मी तिच्या मस्तकावर हात ठेवला.

पुढे ती प्रत्येक गुरुवारी येत राहिली. केस पिकले, हाताखाली विद्यार्थी आले, पेशीला धरून ठेवणारी ती दोरी का तुटते याचा एक लहानसा धागा तिच्या हाती लागला, असे ती एकदा फार आनंदाने सांगत होती. "एवढ्याशा धाग्यानं काय होईल?" असे मी विचारले, तर म्हणाली, "माझ्या हयातीत काही नाही. पण कोणीतरी तो पुढं ओढेल की." गेल्या वर्षी, हडपसरला आईकडे गेली असताना, दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही. हृदय थांबले. गुरुवारी मी सवयीने पान मांडले, मग आठवले.

तिला जाऊन वर्ष झाले. काल सर्वपित्री अमावास्या होती. आदल्या दिवशी मी तिच्या वृद्ध आईला फोन करून गोत्र विचारले. त्या माउलीला ऐकू कमी येते. दोनदा विचारावे लागले. "गोत्र?" ती म्हणाली. "ते मालकांना ठावं असंल. आता कुणाला इचारू, गुरुजी?" आणि ती रडू लागली.

काल देवघरात ताम्हन घेऊन तर्पणास बसलो. वडील झाले, आई झाली, आजे-पणजे झाले, गुरुजन झाले. पत्नीच्या नावाने पाणी सोडले. मग तिचे नाव घेतले, ते कागदोपत्री असलेले नाव, जे मी तिच्या हयातीत क्वचितच उच्चारले असेल. ज्याचे गोत्र ठाऊक नाही त्याला काश्यप म्हणावे, अशी सोय पूर्वजांनी करून ठेवली आहे. ओंजळीत तीळ आणि पाणी घेऊन मी थोडा वेळ थांबलो. मग माझे स्वतःचे गोत्र उच्चारले आणि पाणी सोडले.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरी अन्न रुचो आणि रुचलेले अंगी लागो. दुखणाईतांना खरे बोलणारे माणूस लाभो, आणि ऐकणाऱ्याला ते सोसण्याचे बळ. आपल्या मुलाबाळांसह, आप्तस्वकीयांसह, ती आदिमाता आपणा सर्वांना आपल्या पदराखाली राखो.